खोपोलीचं पॉवर हाऊस: घाटमाथ्यावरच्या पाण्याचा शंभर वर्षांचा हिशोब

मुंबईला उन्हाळ्यात चार हजार मेगावॉटच्या आसपास वीज लागते. खोपोलीचं जलविद्युत केंद्र पूर्ण क्षमतेनं चाललं तरी ७२ मेगावॉट देतं, म्हणजे शहराच्या गरजेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. असं असूनही ८ फेब्रुवारी १९१५ ला गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते सुरू झालेलं हे केंद्र अजून चालू आहे. ग्रिड (विजेचं जोडलेलं जाळं) कोसळला की पहिल्या काही मिनिटांत ज्या केंद्रांकडे बघितलं जातं त्यांत ते मोडतं, आणि ते बंद करून त्याचं पाणी पूर्वेकडे वळवावं ही मागणीही अधूनमधून उठते. हे सगळं एकाच वेळी कसं खरं आहे ते समजून घ्यायचं, तर या केंद्राकडे पाण्याच्या बाजूनं बघावं लागतं. इथला प्रत्येक निर्णय, १९१० चा असो की आजचा, 'किती पाणी, कुठून आणि कधी' याच प्रश्नाचं उत्तर आहे.

मूळ अडचण: कोळसा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत. कोळसा लांबून, मुख्यतः बंगालकडून यायचा. त्याचं भाडं, त्याची साठवण आणि गिरणगावावरचा धूर हे सगळं मुंबईच्या अंगावर पडत होतं. घाटमाथ्यावरचा पाऊस वापरून वीज करावी ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतल्या वास्तुविशारदानं मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. १९०४ साली जमशेटजी गेले. पुढचा पाठपुरावा दोराबजी टाटांनी केला. ७ नोव्हेंबर १९१० ला टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली, आणि ८ फेब्रुवारी १९११ ला लोणावळ्यात तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी (हेच पुढचे लॉर्ड सिडनहॅम) धरणाच्या कामाची कोनशिला बसवली. तिथून उद्घाटनापर्यंत बरोबर चार वर्षं लागली. धरणं, कालवा, दाबनळ, यंत्रघर आणि मुंबईपर्यंतची वाहिनी एवढं सगळं या चार वर्षांत झालं. आजच्या मोजमापानंही हा वेग थक्क करणारा आहे.

हीच जागा का?

लोणावळा परिसरात वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण नुसता पाऊस सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी आहे. इथली गोष्ट वेगळी आहे ती कड्यामुळे. लोणावळ्याचं पाणी नैसर्गिकरीत्या पूर्वेकडे जातं: इंद्रायणी, भीमा, कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर असलेलं हे पाणी शंभराहून जास्त किलोमीटर वाहून उजनीच्या जलाशयात पोहोचतं, तोवर ते जेमतेम सव्वाशे मीटर उतरलेलं असतं, आणि तेही थोडंथोडं. तेच पाणी खंडाळ्याच्या कड्यावरून पश्चिमेला सोडलं, तर चारेक किलोमीटरच्या नळात सव्वापाचशे मीटर (मूळ आराखड्याच्या भाषेत १,७२५ फूट) खाली येतं.

दुसरं कारण रेल्वे. हा मुद्दा सहसा निसटतो. खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ साली, म्हणजे बोरघाटाचा मार्ग होण्याच्याही आधी आला होता. १८६३ साली घाट पूर्ण झाल्यावर खंडाळा आणि लोणावळाही रुळांनी मुंबईशी जोडले गेले. त्यामुळे धरणांचं सामान वरच्या स्टेशनवर आणि टर्बाइन, जनित्रं, जाड पत्र्याचे नळ खालच्या स्टेशनवर उतरवता येत होते. दोन्ही टोकांना रेल्वे आणि मध्ये पाचशे मीटरचा कडा असलेली दुसरी जागा मुंबईजवळ तेव्हा नव्हती. कित्येक टनांचे सुटे भाग बैलगाडीनं घाटातून न्यायची वेळ आली असती, तर चार वर्षांचं वेळापत्रक कागदावरच राहिलं असतं.

हिशोबाचं मूळ सूत्र

या केंद्राचं सगळं नियोजन एका आकड्यावर उभं आहे. एक घनमीटर पाणी ५२५ मीटर खाली आलं की त्यातून सैद्धांतिक १.४३ युनिट वीज निघते. नळातलं घर्षण, टर्बाइन, जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर यांचा तोटा धरून एकूण कार्यक्षमता ८५ टक्के मानली, तर हाती साधारण १.२ युनिट पडतात. म्हणजे एका युनिटला सुमारे ८२० लिटर पाणी.

१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी म्हणजे १२ लाख युनिट. ७२ मेगावॉटवर पूर्ण भारानं चालवलं तर हे पाणी साडेसोळा तासांत संपतं. त्या वेळी सगळ्या यंत्रांतून मिळून सेकंदाला साडेसोळा घनमीटरच्या आसपास पाणी जात असतं. १ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यातून सुमारे ३ कोटी ४० लाख युनिट निघतात. पुढचं बरंचसं या आकड्यांवरूनच उलगडतं.

पाऊस चार महिने, गिरणी बारा महिने

उंची मिळाली म्हणून वीज मिळत नाही. पाऊस जून ते सप्टेंबर, आणि गिरण्यांना वीज वर्षभर. पहिल्या टप्प्याची क्षमता ४० मेगावॉटच्या घरात होती. गिरण्या दिवसाला बारा तास चालतात असं धरलं तर रोज ४ लाख ८० हजार युनिट, म्हणजे ४ लाख घनमीटर पाणी. ऑक्टोबर ते जूनच्या मध्यापर्यंत कामाचे २०० ते २१० दिवस धरले, तर ८० ते ८५ दलघमी पाणी केवळ या भारासाठी लागतं. त्यावर कोरड्या महिन्यांत मीटरभराहून जास्त होणारं बाष्पीभवन, धरणाच्या पायातून पाझर, आणि मान्सून पंधरा दिवस उशिरा आला तर लागणारी राखीव बाजू.

म्हणून एका तलावावर भागलं नाही. लोणावळा तलाव, वलवण आणि शिरोता अशी साखळी उभी राहिली. वलवणचं धरण साधारण २७ मीटर उंच आहे. शिरोत्याचं ३९ मीटरच्या आसपास उंच आणि सव्वादोन किलोमीटर लांब आहे. ते केंद्र सुरू झाल्यानंतर काही वर्षांनी, १९२० च्या सुमारास पूर्ण झालं. शिरोता हा साठवणीचा मुख्य तलाव, आणि त्याचं पाणी बोगद्यानं वलवणला येतं. लोणावळा तलाव लहान आणि उथळ आहे. तो लवकर भरतो, लवकर सांडतो, आणि त्याच्या द्वारविरहित सांडव्यावरून पाणी इंद्रायणीत जायला लागलं की नदीकाठच्यांना इशारा द्यावा लागतो.

या रचनेमुळे पावसाळ्यात कोणता तलाव आधी वापरायचा हे ठरूनच जातं. लहान तलावातलं पाणी आधी वापरायचं, म्हणजे तिथे नव्या पावसाला जागा राहते. मोठा तलाव शेवटपर्यंत भरू द्यायचा. उलट केलं तर लोणावळ्याचा तलाव जुलैतच सांडतो, आणि सांडव्यावरून गेलेलं पाणी खोपोलीच्या दृष्टीनं कायमचं गेलं. ऑक्टोबरमध्ये तिन्ही तलावांची पातळी मोजून पुढच्या आठ महिन्यांचं वाटप केलं जातं. त्यात मार्चनंतरचा वाटा हात लावायचा नाही अशा निश्चयानं वेगळा ठेवावा लागतो. डिसेंबरमध्ये सढळ हातानं वापरलेलं पाणी मे महिन्यात, विजेची मागणी शिगेला असताना आठवतं.

दाबनळ: केंद्राचा सगळ्यात अवघड भाग

वलवणहून पाणी दगडी बांधकामाच्या उघड्या कालव्यानं (स्थानिक लोक याला डक्ट लाइन म्हणतात) खंडाळ्याजवळच्या फोरबेमध्ये येतं. फोरबे म्हणजे नळांच्या तोंडाशी बांधलेला लहान तलाव. अचानक भार वाढला तर कालव्यातलं पाणी पोहोचेपर्यंतची तूट तो भरून काढतो, आणि भार पडला तर कालव्यातून येत राहिलेलं पाणी पोटात घेतो. त्याच्या तोंडाशी ट्रॅश रॅक, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची जाळी असते. पहिल्या पावसात पाला, गवत आणि आता प्लॅस्टिक जाळीवर इतकं चिकटतं की जाळीच्या अलीकडे-पलीकडे पाण्याच्या पातळीत फरक पडतो. हा फरक मोजण्याची सोय असते. तो वाढू दिला तर जाळी वाकते किंवा नळाच्या तोंडाशी पाण्याची पातळी उतरून हवा आत ओढली जाते. त्यामुळे त्या आठवड्यांत पंजा-दाताळं घेऊन जाळी साफ करणं हे काम यंत्रघरातल्या कुठल्याही कामाइतकंच महत्त्वाचं ठरतं.

फोरबेपासून खाली नळ. तळाशी दाब चौरस इंचाला सुमारे ७५० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला बावन्न-त्रेपन्न किलो. एक मीटर व्यासाच्या नळाला हा दाब सहन करायचा असेल, तर पोलादावर १०० मेगापास्कल ताण मान्य धरून भिंत २६ मिलिमीटर जाड लागते. गंज आणि धक्क्याचा दाब धरला तर याहून जास्त. वरच्या टोकाला मात्र दाब थोडा, म्हणून पत्रा पातळ चालतो. वरून खाली येताना पत्रा टप्प्याटप्प्यानं जाड होत जातो. दरम्यान जिथे नळाला वळण आहे तिथे काँक्रीटचे अँकर ब्लॉक असतात, कारण वळणावर पाणी नळाला बाहेरच्या बाजूला ढकलतं. दोन ब्लॉकांच्या मध्ये एक्स्पान्शन जॉइंट असतो. एप्रिलच्या दुपारी रिकामा नळ तापून लांबतो, आणि त्यातून थंड पाणी गेलं की आखडतो. ही हालचाल जॉइंटनं घेतली नाही, तर ती रिव्हेटच्या किंवा वेल्डच्या वाट्याला येते.

नळ सगळ्यात जास्त कशानं मोडतात? दोन गोष्टींनी, आणि दोन्ही दाबाच्या.

पहिली पाण्याचा धक्का, ज्याला वॉटर हॅमर म्हणतात. नळात पाणी सेकंदाला ४ मीटर वेगानं येत असताना झडप झटक्यात बंद केली, तर दाबाची लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगानं वर जाते. या लाटेमुळे तळाशी आणखी चारशे मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब चढू शकतो, म्हणजे ५२५ चे सव्वानऊशे होतात. नळ चार किलोमीटर लांब असेल तर लाट वर जाऊन परत यायला आठेक सेकंद लागतात. त्याहून कमी वेळात झडप बंद केली तर पूर्ण धक्का बसतो. त्यामुळे नोझल (नळाच्या टोकाचं, चाकावर धार सोडणारं निमुळतं तोंड) बंद करायची क्रिया मुद्दाम मंद ठेवलेली असते. वीस-तीस सेकंद किंवा त्याहूनही जास्त लागले तरी हरकत नसते.

पण इथेच दुसरी अडचण उभी राहते. मुंबईकडची वाहिनी अचानक तुटली, तर जनित्रावरचा भार क्षणात शून्य होतो. नोझल अर्धा मिनिट चालू राहिलं तर चाक पळत सुटतं, आणि पेल्टन चाकाचा (धारेच्या तडाख्यानं फिरणाऱ्या, कडेला बकेट लावलेल्या चाकाचा) बेफाम वेग नेहमीच्या वेगाच्या पावणेदोन ते दुपटीपर्यंत जातो. याला उपाय म्हणून नोझलच्या तोंडापुढे डिफ्लेक्टर असतो. गव्हर्नरला (चाकाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेला) वेग वाढलेला कळला की डिफ्लेक्टर एक-दोन सेकंदांत पाण्याच्या धारेत शिरून ती चाकावरून बाजूला वळवतो. धार चालूच राहते, नळाला काही कळतही नाही, आणि मग नोझलची सुई (तोंड लहान-मोठं करणारा टोकदार दांडा) सावकाश आत जाते. चाक वाचवायचं काम डिफ्लेक्टरचं आणि नळ वाचवायचं काम सुईच्या संथपणाचं. पेल्टन पद्धतीचा सगळा भरवसा या दोघांच्या वाटणीवर आहे. देखभालीत डिफ्लेक्टरची हालचाल आणि त्याला लागणारा वेळ तपासणं कधीही टाळू नये, कारण नेहमीच्या चालण्यात तो फारसा वापरला जात नाही आणि बिघाड झालाच तर नेमका गरजेच्या वेळी उघडकीला येतो.

नळ मोडण्याची दुसरी गोष्ट आहे पोकळी. खाली नळ फुटला किंवा घाईनं रिकामा केला, तर पाणी वेगानं उतरतं आणि मागे पोकळी राहते. वरून हवा आत आली नाही तर बाहेरच्या हवेच्या दाबानं नळ चेपतो. आणि चेपतो तो वरचा पातळ भाग, तळाचा जाड नव्हे. म्हणून वरच्या टोकाच्या बटरफ्लाय झडपेच्या लगेच खाली हवेचे व्हॉल्व्ह असतात, आणि ती झडप पाण्याचा वेग मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होण्याची व्यवस्था असते. हवेच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर गांधीलमाशीचं पोळं किंवा जाड रंगाचा थर बसला असेल, तर ही सगळी व्यवस्था निकामी होते. पावसाळ्याआधीच्या तपासणीत हे व्हॉल्व्ह हातानं हलवून बघायचे असतात.

नळ भरण्याचीही शिस्त आहे. मुख्य झडप उघडायची नाही. आधी बायपासची लहान झडप उघडून नळ तासन्तास सावकाश भरू द्यायचा, म्हणजे आतली हवा वरून निघून जाते. खाली हवा अडकली आणि मग यंत्र सुरू केलं, तर दाबलेली हवा नोझलमधून फुटून बाहेर येते आणि नळ हादरतो. भरताना माणसं नळाबरोबर चालत एक्स्पान्शन जॉइंटच्या पॅकिंगमधून गळती आहे का ते बघतात. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाल्यावरच मुख्य झडप हलवायची. नाहीतर ती एकाच बाजूला पाण्याचा दाब घेऊन उघडायला जाते, आणि तिची बैठक घासते.

कोकणातली हवा नळाला आतून आणि बाहेरून खाते. दर काही वर्षांनी अल्ट्रासॉनिक उपकरणानं भिंतीची जाडी जागोजागी मोजून मूळ नोंदीशी ताडून पाहावी लागते. सगळ्यात दगा देणारी जागा म्हणजे नळ जिथे काँक्रीटमध्ये शिरतो ती कड. तिथे पाणी साचून राहतं, रंग पोहोचत नाही, आणि गंज वरून दिसत नाही.

चाक आणि धार

५२५ मीटर उंचीवरून आलेली धार नोझलमधून सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगानं, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर वेगानं सुटते. पेल्टन चाकाच्या बकेटला या वेगाच्या निम्म्याहून थोड्या कमी, साधारण ४६ टक्के वेगानं फिरायचं असतं. म्हणजे कडेला सेकंदाला ४६-४७ मीटर. मिनिटाला ३०० फेऱ्यांचं जनित्र हवं असेल (५० हर्ट्झसाठी २० ध्रुव), तर चाकाचा व्यास जवळपास तीन मीटर येतो. एवढ्या उंचीला पेल्टनशिवाय दुसरा पर्याय तेव्हाही नव्हता आणि आजही सोपा नाही.

बकेटच्या मधोमध धारेला दुभागणारी कड असते, स्प्लिटर. तिची धार बोथट झाली की कार्यक्षमता घसरायला लागते. तलावात गाळ बसतो म्हणून इथलं पाणी हिमालयातल्या नद्यांच्या तुलनेत पुष्कळ स्वच्छ आहे, पण जोरदार पावसात उघड्या कालव्यात शिरलेली रेती नोझलची सुई आणि तिची रिंग खाते. सुईवर चरे पडले की धार घट्ट राहत नाही, फुलते. फुललेली धार बकेटच्या बाहेर पाणी मारते आणि तिथे खड्डे पाडते. म्हणजे दुरुस्ती बकेटची करायची नसते, सुरुवात सुईपासून करावी लागते.

बकेटच्या मुळाशी मात्र खरी भीती तड्याची. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक बकेटला प्रत्येक नोझलचा एक तडाखा बसतो. एका नोझलचं चाक मिनिटाला ३०० फेऱ्यांनी वर्षातले चार हजार तास चाललं, तर प्रत्येक बकेट ७ कोटी २० लाख तडाखे खाते. थकव्याचा तडा डोळ्यांना दिसत नाही. डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) किंवा मॅग्नेटिक कणांनी तपासून तो शोधावा लागतो. मिळाला तर तो पूर्ण घासून काढून, गरज असेल तर वेल्डिंग करून, उष्णतेनं ताण काढून पुन्हा घासायचा. वरवर वेल्डिंगचा थर चढवून तडा झाकला, तर तो आतून वाढत राहतो.

मुंबईपर्यंत वीज न्यायला त्या काळात एक लाख व्होल्टची वाहिनी टाकली गेली: खोपोली ते परळ, ४३ मैल. एवढा व्होल्ट का, ते एका गणितात दिसतं. एक लाख व्होल्टवर ४० मेगावॉटला तिन्ही तारांत प्रत्येकी सुमारे २३० अँपिअर पुरतात. दहा हजार व्होल्टवर हाच प्रवाह दसपट लागला असता आणि त्याच तारांतला उष्णतेचा तोटा शंभरपट.

काम बदललं

गिरण्यांचा भार दिवसभर जवळपास सारखा असायचा, म्हणून सुरुवातीला खोपोलीनं तळभार, म्हणजे बेस लोड उचलला. त्यामागोमाग १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा सुरू झाली. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. या विजेची किंमत कोणी मोजली हे लिहिताना त्यांचं नाव वगळता येत नाही. १९५६ मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं, आणि मग हिशोब उलटा झाला. बॉयलर चालू-बंद करायला वेळ आणि इंधन लागतं. त्यामुळे औष्णिक केंद्रं एकसारखी चालू ठेवायची, आणि मर्यादित पाण्याचं खोपोली संध्याकाळी मागणी वाढेल तेव्हा, काही तासांसाठी चालवायचं.

हे जमतं, कारण पेल्टन यंत्र काही मिनिटांत सुरू होतं. बेअरिंगला तेल चढवायचं, बायपासनं इनलेट व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करायचा, मग व्हॉल्व्ह उघडायचा. सुई पाच-दहा टक्के मागे घेतली की चाक फिरायला लागतं. वेग ९५ टक्क्यांच्या आसपास आला की एक्सायटेशन (जनित्राच्या चुंबकांना लागणारा प्रवाह) द्यायचं, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळल्यावर ब्रेकर (ग्रिडशी जोडणारा स्विच) टाकायचा आणि भार चढवायचा. बंद करताना चाक स्वतःहून फार वेळ फिरत राहतं, म्हणून बकेटच्या पाठीमागे लहान ब्रेक जेट मारून त्याला आवरतात. यात कुठेही बाहेरच्या विजेची सक्ती नाही. नियंत्रणाला बॅटरी आणि गव्हर्नरला दाबलेलं तेल असलं की पुरतं. ग्रिड पूर्ण मेला तरी असं केंद्र उभं राहू शकतं, याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा टाटांच्या जलविद्युत केंद्रांनी तो सावरायला हातभार लावला. दोन टक्के वीज देणाऱ्या केंद्राचं मोल असं आहे.

पाणी खाली उतरल्यानंतर

टर्बाइनमधून निघालेलं पाणी पाताळगंगेत जातं. शंभर वर्षांत नदीकाठचं सगळं या पाण्याच्या भरवशावर वाढलं: खोपोली शहर, रसायनीचे कारखाने, पाताळगंगेची औद्योगिक वसाहत. डिसेंबर ते मे ही नदी मूळची जवळजवळ कोरडीच असती. त्या काळात तिला पाणी आहे ते मुख्यतः यंत्रघरातून सोडलेलं. म्हणून पाणी साठवण्यासाठी किंवा देखभालीसाठी केंद्र थांबवायचं तर वीज कंपनीबरोबर पाणीपुरवठ्याची माणसंही त्या वेळापत्रकाशी बांधलेली असतात. विजेची सोय संध्याकाळचे तीन-चार तास सलग चालवण्यात आहे, पाणी उचलणाऱ्यांची सोय चोवीस तास थोड्या प्रवाहात. हा ताण रोजचा आहे.

पूर्वेकडचा हक्कही खराच आहे. कृष्णा पाणीवाटप लवादानं टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांना खोऱ्याबाहेर पश्चिमेला पाणी नेण्याची मर्यादा घातली: कोणत्याही एका जलवर्षात (जून ते मे) ५४.५ टीएमसी, आणि सलग पाच जलवर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे सरासरी वर्षाला ४२.४ टीएमसी. मघाच्या सूत्रानं याची वीज होते वर्षाला सुमारे १४४ कोटी युनिट. सोलापूर आणि पुण्याच्या दुष्काळी पट्ट्यातून हे पाणी भीमेत परत सोडायची मागणी होते तेव्हा चर्चा बहुतेक टीएमसीतच अडकते. प्रश्न सोडवायचा असेल तर तीन वेगवेगळे आकडे एकत्र मांडावे लागतात. पहिला, संध्याकाळच्या मागणीच्या वेळची वीज कुठून येणार. दुसरा, पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिकेच्या काठच्या गावांना आणि कारखान्यांना कोरड्या महिन्यांत पाणी कुठून येणार. तिसरा, पूर्वेला सोडलेलं पाणी शेवटच्या शेतापर्यंत किती पोहोचणार. फक्त पहिला आकडा मांडून झालेला निर्णय खोपोलीतल्या पिण्याच्या पाण्याच्या नळांवर, आणि फक्त तिसरा मांडून झालेला निर्णय रसायनीतल्या पंपांवर जाऊन आदळेल.

पाणी कायमचं खाली न घालवता उंची वापरायची एक वाट भिऱ्यात १९९७ पासून आहे. तिथला १५० मेगावॉटचा उदंचन संच स्वस्त विजेच्या वेळी पाणी परत वर चढवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं महाराष्ट्र सरकारशी शिरोता (१,८०० मेगावॉट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॉट) इथल्या उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला. शिरोत्याचा प्रकल्प सलग सहा तास चालवायचा आणि उंची ५०० मीटरच्या आसपास मिळते असं धरलं, तर एका फेरीला सुमारे ९ दलघमी पाणी लागतं. वर शिरोत्याचा तलाव आहेच. तेवढंच पाणी धरून ठेवणारा दुसरा तलाव घाटाच्या पायथ्याशी लागेल. रोजच्या फेरीत हे पाणी वर-खाली होईल, खोऱ्याबाहेर कायमचं जाणार नाही. तूट फक्त बाष्पीभवनाची आणि पाझराची, आणि ती दोन तलावांच्या पृष्ठफळावरून काढता येते.